वाकळीचा घास

आमच्या घरात जेवायला बसायचं तर आधी वाकळ गुंडाळावी लागे. तेर गावातल्या त्या घराला खोल्या दोनच. मागची स्वयंपाकाची आणि पुढची बाकी सगळ्याची. दिवाळी सरली की त्या पुढच्या खोलीत आईची वाकळ पसरलेली असे. चार माणसांचं घर आमचं: आई, बाबा, बाबांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. दारातून चुलीपर्यंत जायचं तर भिंतीला पाठ लावून, पायाची बोटं आवळून, वाकळीच्या कडेनं सरकत जावं लागे. बाबा तसे जाताना तोंडानं काही बोलत नसत, पण त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू येई, आणि त्या श्वासात सगळं बोलून होई. आत्या मात्र बोलायचीच. "तेरणेला पूर आला तरी कडंनं वाट ऱ्हाती गं बाई, हितं ती बी न्हाय," असं म्हणत ती लुगडं घोट्याच्या वर धरून पलीकडं जायची, आणि पलीकडं पोचली की वळून विचारायची, "आज किती झालं?" म्हणजे चेष्टाही करायची आणि चौकशीही. आत्याचं सगळं असंच दुहेरी असे.

वाकळा गावात घरोघरी शिवत. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे एकावर एक घालून बायका धावदोरा घालत आणि थंडीच्या आधी काम उरकून टाकत. आईचं तसं नव्हतं. आमच्याकडं पाच वाकळा धडधाकट असताना ती सहावी घेऊन बसली होती. "कुणासाठी शिवायलीस?" असं शेजारणीनं विचारलं की आई सुईत नवा दोरा ओवी. लेकीच्या लग्नाला म्हणावं तर मी तेरा वर्षांची. बाळंतपणाला म्हणावं तर घरात कुणी गरोदर नाही. शेवटी ती म्हणे, "अशीच." शेजारीण माझ्याकडं बघे, मी आढ्याकडं बघे. माणसाला नाद असतो, आणि तो बाईमाणसालाही असतो, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्यात बाबा शिंपी. चावडीजवळ त्यांचं दुकान. एक मशीन, एक कटिंगचं टेबल, कोळशाची इस्त्री आणि गळ्यात टेप. गाव त्यांना मास्तर म्हणे. कामाच्या बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत. शाळेच्या पोराची चड्डी असो की पाटलाचा कोट, खडूच्या रेघेबाहेर कात्री सुताएवढी गेलेली त्यांना खपत नसे. आणि त्यांचीच बायको घरात माप नाही, पट्टी नाही, खडू नाही, असं काहीतरी डोळ्यांच्या अंदाजानं जोडत बसलेली. "शिंप्याची बायको हातानं चिंध्या जोडाय लागली म्हनल्यावर लोक काय म्हनतील? मास्तरचं दुकान बसलं म्हनतील," असं ते एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले. आईनं त्यांच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली आणि म्हणाली, "लोक आपल्या वाकळंवर निजाय येनारेत का?" आत्याला ठसका लागला. बाबांनी पुढचा घास चटणीला लावला.

आईला वेळ कुठून मिळत होता, याचा हिशेब मला आजही लागत नाही. पहाटे नळाचं पाणी, मग चूल, भाकऱ्या, धुणं, दळण, दुपारी दुकानातून घरी आलेली काज-बटणं करायची, संध्याकाळी परत चूल. पण या सगळ्याच्या फटीफटीतून ती वाकळ वाढत होती. डाळ चुलीवर ठेवली की आई पुढं येऊन बसे आणि सुई चालू. घड्याळ आमच्याकडं नव्हतं, म्हणजे होतं, पण ते दुकानात. घरातला वेळ आई ओळींवर मोजे. वाकळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घातलेला धावदोरा म्हणजे एक ओळ. भात दीड ओळीत होई. तुरीची डाळ तीन ओळी घेई, जुनी असली तर साडेतीन. "मंगल, दोन ओळी झाल्या, अंबाडी खाली उतरव," असं ती मान वर न करता सांगे, आणि भाजी बरोबर शिजलेली असे. आता माझी सून कुकर लावते आणि शिट्ट्या मोजते, तेव्हा मी मनातल्या मनात ओळी घालत असते. दोघींचा भात एकाच वेळी होतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सुईला आवाज नसतो असं म्हणतात. पण पाच पदरांच्या जाड कापडातून दोरा ओढला की सर्रर्र असा आवाज येतो, आणि आम्हाला तो झोपेतही ओळखू यावा इतका पाठ होता. मी पाढे म्हणत असायची, आत्या दारात बसून मिसरी लावत असायची, बाहेर देवळाची घंटा वाजायची आणि मध्येमध्ये हा सर्रर्र. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, तर कहरच झाला. बाबांच्या एका गिऱ्हाइकानं शेतात जेवायला बोलावलं होतं. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी, आंबील, उंडे, सगळं पोटाला तड लागेस्तोवर जेवलो, आणि बायका सावलीला कलंडल्या तेव्हा आईनं डब्याच्या पिशवीतून चिंध्यांचं बोचकं काढलं. बाबांनी लांबून पाहिलं आणि पाठ फिरवून ते हरभऱ्याच्या वावरात निघून गेले. आत्या म्हणाली, "जाऊ दे त्याला. घाटे खाऊन यील."

त्याआधी सुईचं प्रकरण झालं होतं. आईच्या डबीत सुया पाच, आणि रोज वाकळ गुंडाळताना ती त्या मोजून ठेवी. एके संध्याकाळी चारच भरल्या. आम्ही तिघी गुडघ्यांवर रांगून खोली पालथी घातली. बाबांनी दुकानातलं लोहचुंबक आणलं, ते फिरवून फिरवून त्यांचा हात दुखला, म्हणून ते भिंतीला टेकून खाली बसले, आणि सुई सापडली. कशी सापडली ते सांगायला नको. आत्या हसून हसून अंगणात जाऊन बसली. बाबांना मात्र हसू आलं नाही. ते उभ्यानंच म्हणाले, "घरात काय करायचं ते करा. आमी कडंनं जाऊ, उभ्यानं जेवू. पन दुकानाला ह्याची झळ लागली, तर त्या दिवशी वाकळ माळ्यावर जाईल. परत खाली यायची न्हाय." आई म्हणाली, "बरं." बाबा शब्दाचे पक्के. एकदा बोलले की बोलले. हे आईलाही माहीत होतं आणि मलाही.

चिंध्या अर्थातच दुकानातल्याच. शाळा सुटली की मी दुकानात जाई, टेबलाखालचं कातरण झाडून गोळा करी, फडक्यात बांधी आणि घरी नेई. बाबा तिकडं बघत नसत. घरी आई बोचकं सोडी, आणि मग आमचा खरा खेळ सुरू होई. तिरके, लांबुडके, चिमणीच्या शेपटीएवढे तुकडे जमिनीवर मांडायचे. हा हिरवा त्या तांबड्याशेजारी नको, भांडतात. हा पिवळा एकटा पडलाय, त्याला सोबत बघ. आई बाहेरून आत शिवत यायची. आधी कडा, मग एकेक वेढा, आणि शेवटी मध्यभागी हातभर जागा उरायची. ती जागा सगळ्यात शेवटी बंद करायची. त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला वाकळ मध्यापर्यंत आली, आणि तिथं लावायला आईला एकही तुकडा पसंत पडेना. रोज ती बोचकं सोडायची, मांडायची, आणि परत बांधून ठेवायची.

त्या सोमवारी मी दुकानात गेले तेव्हा बाबा मशीनवर वाकून काम करत होते. टेबलाखाली, कातरणाच्या ढिगाला लागून, एक मोरपंखी निळा साटिनचा तुकडा पडला होता. इतकं झळझळीत कापड आमच्या ढिगात कधी आलेलं नव्हतं. एका बाजूनं तो गोल कापलेला होता. बाही आहे हे मला कळलं. शिंप्याच्या घरातल्या पोरीला बाही ओळखू येत नाही असं कसं म्हणू? पण बिघडलेली बाही, चुकलेली कॉलर ढिगात येतच असे. विचारायला हवं होतं. विचारलं तर बाबा नाही म्हणतील, अशी भीती वाटली, म्हणून विचारलं नाही. तुकडा फडक्यात घातला, गाठ मारली आणि आले.

आईनं तो हातात घेतला, उजेडात धरला, गालाला लावला. मग तिची नजर माझ्यावर आली. "एवढा चांगला तुकडा? कुनी दिला?"

"बाबांनी," मी म्हणाले.

"त्यांनी?"

"व्हय. वाकळंला घे म्हनले."

हे वाकळीचं मी का जोडलं, कुणास ठाऊक. एक खोटं बोललं की ते एकटं राहू नये म्हणून माणूस दुसरं बोलतं. पण आईचा चेहरा मला आजही तसाच्या तसा दिसतो. ती हसली नाही. तिनं पदर सावरला, जसा पाहुणे आल्यावर सावरतात. "दिला व्हय त्यांनी," असं एवढंच म्हणाली. मग कात्री लावायला जीव होईना म्हणून तिनं त्याची गोलाई आत दुमडली आणि तो मध्यभागी ठेवून बघितला. बाकीचे सगळे तुकडे जणू त्याचीच वाट बघत होते. त्या दिवशी आमची डाळ पाच ओळी शिजली आणि तिचं पिठलं झालं.

वाकळ बंद करायच्या आधी तिला जेवू घालायचं असतं. ही रीत आत्यानं तिच्या सासरहून आणलेली, आणि ती पाळली नाही तर आत्या दोन दिवस अबोला धरी. शेवटच्या तुकड्याखाली भाकरीचा वाळका तुकडा आणि गुळाचा कण ठेवायचा आणि मग शेवटचा टाका घालायचा. "जी उपाशी ती पांघरनाऱ्याला ऊब काय दील?" असं आत्या म्हणे. आणि एकदा जेवलेली वाकळ उसवायची नाही. फाटली तर वरून ठिगळ लावायचं, पण उसवायचं नाही. रविवारी सकाळी आत्यानं स्वतःच्या हातानं त्या निळ्या तुकड्याखाली घास ठेवला, आईनं टाका घातला, दोरा दातानं तोडला. आम्ही तिघींनी तीन कोपरे धरून वाकळ झटकायला घेतली, चौथा कोपरा लोंबतच राहिला, आणि बाबा दारातून आत आले. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, चौथा कोपरा उचलला, एकदा झटकला, आणि हात धुवायला निघून गेले. आई दिवसभर गुणगुणत होती.

मंगळवारी दुपारी मी शाळेतून दुकानात गेले तर दुकानाची पार दैना झालेली. कपाटातले गठ्ठे जमिनीवर, मशीनचा खण उपडा, आणि बाबा त्यामध्ये उभे. दुकानासमोर राहणाऱ्या रशीदाचाचीच्या शमीमचं लग्न होतं शुक्रवारी. चाची गल्लीगल्लीत फिरून बांगड्या भरायच्या. मी जन्मले तेव्हापासून माझ्या हातात त्यांच्याच बांगड्या. शमीमच्या कुर्त्यासाठी चाचींच्या भावानं हैदराबादहून साटिन आणलं होतं. मोरपंखी निळं, कुर्त्यापुरतंच, वर बोटभरही नाही. बाबांनी ते आधीच कापून ठेवलं होतं, आणि आज शिवायला घेतलं तर बाही एकच.

ती बाही कुठं आहे, ते मला लगेच कळलं. तरी मी बोलले नाही. बाबा माझ्यावर ओरडले असते तर कदाचित बोललेच नसते. पण ते ओरडले नाहीत. ते स्टुलावर बसले, उजवा हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "म्याच एक बाही कमी कापली आसंल. दुसरं काय? वय झालं, हाताचा भरवसा न्हाय ऱ्हायला." बाबांचं वय तेव्हा चाळीसही नसेल. खडूच्या रेघेबाहेर सुतभर न जाणारा माणूस स्वतःच्या हाताकडं तसा बघायला लागला, ते मला बघवलं नाही. मला रडू फुटलं.

"घरी चला," मी म्हणाले. "बाही घरी हाय."

घरी आई आणि आत्या वाकळ उन्हातून काढून नुकत्याच घडी घालत होत्या. मी रडत रडत सांगितलं: निळी, मधली, ती शमीमची बाही आहे. आईला आधी कळेचना. "पर ती तर ह्यांनी दिली म्हनलीस," ती म्हणाली.

"न्हाय दिली. म्याच आनली. खोटं बोलले."

मला वाटलं, आता पाठ फुटणार. पण आईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती त्या निळ्या तुकड्याकडं बघत राहिली, आणि तिचा चेहरा असा पडला की त्यापेक्षा चार रट्टे खाल्लेले परवडले असते. बाही चोरीची निघाली याचं दुःख तिला नव्हतं. ती त्यांनी दिलेली नव्हती, याचं होतं. हे तेराव्या वर्षीही मला कळलं, आणि कळल्यावर मी आणखी मोठ्यानं रडायला लागले. आई उठली. कोनाड्यातलं उसवायचं ब्लेड आणून तिनं बाबांपुढं धरलं. वाकळ पसरली. "उसवा," ती म्हणाली. "दुकानाला झळ लागली. तुमची अट हाय, म्या न्हाय म्हनायची न्हाय."

"आरं नामा, परवाच घास घातलाय तिला!" आत्या मागून बाबांवर ओरडली.

बाबांनी ब्लेड घेतलं आणि ते वाकळीच्या मधोमध गुडघे टेकून बसले. इतके महिने ते कडेनं गेले होते, आज पहिल्यांदा मध्ये. ब्लेड त्या टाक्यापाशी नेलं आणि थांबले. मग त्यांचं बोट धावदोऱ्यावरून सरकायला लागलं. एका ओळीवरून कडेपर्यंत गेलं, दुसऱ्या ओळीवरून परत आलं. गिऱ्हाइकाचा जुना कोट आला की दुसऱ्या शिंप्याचं काम ते असंच बोटानं वाचत.

"पट्टी लावली व्हतीस?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"खडू?"

"न्हाय."

"मग सरळ कशी आली?"

"मान खाली घातली की येती," आई म्हणाली.

बाबांनी बोट परत ओळीवरून फिरवलं. मग ब्लेडच्या टोकानं निळ्या तुकड्याकडं दाखवून म्हणाले, "आनि हा हितं का लावला? येवढा चांगला तुकडा. मदी तर दिसत बी न्हाय, घडीत जातो."

"तुमी दिला म्हनून," आई म्हणाली.

बाबा किती वेळ तसे बसले होते, ते मला सांगता येणार नाही. एक ओळभर तरी असतील. मग त्यांनी ब्लेड सदऱ्याच्या खिशात घातलं आणि उठले. "जेवत्याला ताटावरनं उठवत न्हाईत," असं म्हणाले आणि टोपी घालून चाचींकडं निघाले. दारात वळून माझ्याकडं बोट केलं. "तुला मातूर नंतर बगतो." ते नंतर काही आलं नाही.

आता मला एक गोष्ट कळते, जी तेव्हा कळली नव्हती. साटिनला सुईची भोकं राहतात. एकदा धावदोरा घातलेली बाही उसवून कुर्त्याला लावताच आली नसती, आणि हे बाबांइतकं तेरमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कारण सांगून मोकळं होता आलं असतं. त्यांनी ते सांगितलं नाही, दुसरं सांगितलं.

चाची आल्या त्या डोक्यावरची बांगड्यांची टोपली तशीच घेऊन. बाबांनी त्यांना सगळं खरं सांगितलं होतं, माझ्या खोटेपणासकट. त्यांनी टोपली उतरवली, वाकळीवर वाकल्या, निळा तुकडा चाचपला. खाली काहीतरी कडक लागलं. "ये क्या है?" त्यांनी विचारलं. आत्यानं घासाची रीत सांगितली. भाकर, गूळ, पोट, उपाशी वाकळ, सगळं. चाचींनी ऐकून घेतलं, माझ्याकडं बघितलं, मी आईच्या मागं. "म्हंजे आमच्या पोरीची बाही तुमच्या घरी जेवून बसली की," असं त्या म्हणाल्या आणि अशा हसल्या की टोपलीतल्या बांगड्या किणकिणल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "उसवाउसवी नक्को, मास्तर. लगीनघरात चांगलं न्हाय ते. पन माझ्या शमीमला हात दोन हायत, तेवढं ध्यानात ठिवा. शुक्रवार तोंडावर आलाय."

बुधवारी बाबांनी दुपारी दुकान बंद केलं. हे अघटित होतं. लग्नसराईत शिंप्यानं दुपारी दुकान बंद केलं, म्हणून दोघंतिघं चौकशीला आले. बाबा घरी येऊन पुढच्या खोलीत बसले, वाकळीच्या जागेवर. त्यांनी उरलेल्या एका निळ्या बाहीच्या लांब पट्ट्या कापल्या. आईनं बोचकं सोडलं, आणि तांबडे, पिवळे, आंब्याच्या पानासारखे हिरवे तुकडे मांडले. बाबा कापायचे, आई जोडायची. निळी पट्टी प्रत्येक रंगाच्या मधून फिरवली, म्हणजे कुर्ता आणि बाही एकमेकांना ओळखतील, असं आई म्हणाली, आणि बाबांनी मान हलवली. एकदा तिनं तिरका तुकडा लावला तेव्हा ते म्हणाले, "हे तिरपं जातंय." ती म्हणाली, "जाऊ द्या." ते गेलं, आणि चांगलं दिसलं. शेवटी आई म्हणाली, "आता मशीन मारा वरनं." बाबांनी बाही हातावर घेऊन लांबून बघितली. "नको. तुझ्या हातानंच घाल धावदोरा. मशीनचा टाका ह्याला शोभायचा न्हाय." आत्या दारात मिसरी लावत होती. तिचं बोट तोंडातच राहिलं.

शुक्रवारी आम्ही चौघं लग्नाला गेलो. चाचींनी आमच्यासाठी वेगळा शिरा आणि पुऱ्या केल्या होत्या. शमीमनं ते दोन हात असे मिरवले की नवरीला बघायला आलेल्या बाया नवरीच्या बाह्याच बघत होत्या. पुढं महिनाभर दुकानात पोरी यायच्या, "मास्तर, शमीमच्या बाह्यांसारख्या बाह्या पायजेत." बाबांनी एकदा आईला विचारलं. आई म्हणाली, "नको. गिऱ्हाइकाचं केलं की ते काम झालं. मला माझा नाद ऱ्हाऊ द्या." त्यावर बाबा पोरींना सांगायचे, "त्यास्नी सवड न्हाय." हे सांगताना त्यांचा आवाज जरा मोठाच लागायचा. शमीम आता सोलापूरला नातवंडांत आहे. तिचा फोन आला की आधी विचारते, "माझी बाही बरी हाय का गं?" बरी आहे. धाराशिवच्या या फ्लॅटमध्ये, हे लिहिताना ती वाकळ माझ्या गुडघ्यांवर आहे. निळा विरून राखाडी झाला, पण मध्यभागी बोटाला अजून काहीतरी लागतं, किंवा मला तसं वाटतं.

लग्नानंतरच्या शनिवारी मी दुकानात गेले. मंगळवारपासून बोचकं न्यायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि घरी आईनंही विचारलं नव्हतं. सुयांची डबी कोनाड्यात तशीच होती. पुढची खोली रिकामी होती, सगळे सरळ मधून चालत होते, आणि कुणालाच ते बरं वाटत नव्हतं. अट अटीच्या जागी होती. बाबांनी ती मोडली असं काही म्हटलं नव्हतं. मी टेबलाखाली बघितलं तर तिथं झाडून लख्ख. मी परत निघाले, तेव्हा बाबांनी मशीन न थांबवता पायानं एक बोचकं माझ्याकडं सरकवलं. "घिऊन जा."

बोचकं कोमट होतं. घरी आईनं भात चुलीवर ठेवला होता. तिनं गाठ सोडली. आत तुकडे होते, पण तिरके नाहीत, चिमणीच्या शेपट्या नाहीत. सगळे वीतभर चौकोन, रंगारंगानं लावलेले, इस्त्री केलेले. आईनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या आवाजाला धार आली. "कुनी दिलं? खरं सांग."

"बाबांनी."

"मंगल."

"खरंच बाबांनी!"

तिचा हात वर झाला होता. तो आत्यानं धरला. आत्यानं बोचक्यातला एक चौकोन उचलला, चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि म्हणाली, "अगं, कापताना चिंधी उरती ती वाकडी उरती. चौकोन उरलेला म्या जन्मात बगितला न्हाय. हे कुनीतरी बसून कापलंय."

आईनं तो चौकोन तिच्या हातातून घेतला. मग दुसरा घेतला. मग सगळेच जमिनीवर मांडायला लागली, तांबड्याशेजारी पिवळा, पिवळ्याशेजारी हिरवा, आणि खोली भरत गेली. भाताचा वास आला तेव्हा आम्हा तिघींनाही आला, पण उठलं कुणीच नाही. इतक्यात बाबा घरी आले. दारात थांबून त्यांनी चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली, पायाची बोटं आवळली आणि कडेनं सरकत पलीकडं गेले. श्वास ऐकू आला नाही. पलीकडं पोचल्यावर ते वळले.

"आज किती झालं?" त्यांनी विचारलं.

"अजून एक ओळ बी न्हाय," आई म्हणाली, मान वर न करता. "आनि भात करपला."

"चालतंय," बाबा म्हणाले, आणि ताट घेऊन चुलीपाशी उभ्यानंच जेवले.